नवी पेठ शाळेच्या पटावर नसलेल्या तेहेतीस मुलांबाबत

॥ श्री ॥

प्रति,
मेहेरबान डेप्युटी इन्स्पेक्टर साहेब,
शाळाखाते, जिल्हा बुलढाणा,
मुक्काम बुलढाणा.

अर्जदार : भगवंत सोनाजी उमाळे, हेडमास्तर, बोर्डाची मराठी शाळा, नवी पेठ, सावरखेड स्टेशन, तालुका खामगाव.

विषय : पेठ वाढली असता शाळेचा पट का घटला याचा खुलासा, व मुलांची नावे पंधरा तारखेच्या आत देण्याच्या हुकुमातून सूट मिळणेबाबत.

संदर्भ : १) शेरेबुकातील शेरा, ता. २३ नोव्हेंबर १९२६. २) आपल्या कचेरीचा हुकूम, ता. २९ नोव्हेंबर १९२६.

महोदय,

अर्जदाराचा सविनय अर्ज ऐसा जे,

१. अर्जदार या शाळेवर सन १९१९ पासून आहे. त्या साली स्टेशनापलीकडे कापसाची सरकी काढण्यासाठी एक जिन, चौतीस घरे आणि एक उघड्यावरचा मारुती एवढाच पसारा होता, आणि पटावर एकेचाळीस नावे होती. आज तीन जिन व कापसाच्या गाठी दाबण्यासाठी एक प्रेस आहे, ओळीने बांधलेल्या एकशे नव्वद खोल्या आहेत, मारुतीवर पत्र्याचा मंडप चढला आहे. आणि तपासणीच्या दिवशी पटावर नावे होती चौदा. माणसे वाढली तर मुले गेली कुठे, हा हुजुरांचा प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, मुले कुठेही गेलेली नाहीत. ती शाळेतच बसतात. कागदावर मात्र बसत नाहीत.

२. लोक दुसरी कारणे सांगतील, तीही अर्जदार लपवीत नाही. स्टेशनावरील बाबूलोक आपली मुले सकाळच्या गाडीने खामगावास इंग्रजी शाळेत पाठवितात. ती मुले सहा. हंगामी मजुरांची पोरे होळीला आपापल्या गावी परततात. पण आज मार्गशीर्ष चालू आहे, होळी लांब आहे. ज्या तेहेतिसांबद्दल हा अर्ज आहे ती बारमाही वस्तीची लेकरे आहेत. वांगी-मेथी पिकवणाऱ्या माळ्यांची, प्रेसवर गाठी बांधणारांची, हमालांची, आणि दोघां शिंप्यांची.

३. तीन वर्षांमागे पेठेत प्लेग झाला. एकशे नव्वदपैकी दीडशे खोल्या महादेवराव बोचरे यांच्या आहेत. प्लेग ओसरताच त्यांनी नियम केला की, एका खोलीत चार डोयांच्या वर माणूस राहू नये. पाचवी डोई आढळल्यास खोली तीन दिवसांत खाली करावी. महादेवराव दुष्ट गृहस्थ नव्हेत, हे अर्जदार शपथेवर सांगेल. मारुतीपुढील कीर्तनास समयांचे तेल त्यांच्या घरून येते आणि करुण प्रसंगी ते पहिल्या रांगेत डोळे पुसतात. अर्जदाराने एकदा नियमाविषयी विनविले असता त्यांचे उत्तर आले ते जसेच्या तसे लिहितो : "मास्तर, माह्या भावाचं लेकरू अशाच एका खोलीत गेलं, नऊ जनाईच्या गर्दीत. मी सोता त्याले उचलून नेलं. आता कोनाचंही तोंड पाहून मले सूट देता येत नाही."

तथापि ज्याच्या घरी सहा डोया आहेत त्याने दोन टाकाव्या कुठे? मग घरोघर चारच सांगितल्या गेल्या. कुणाची दोन पोरे मामाच्या गावी गेली, कुणाची सासू धामणगाव बढ्याला लेकीकडे राहू लागली, अर्थात तोंडी. महादेवरावांचा मुनीम फेरीला निघाला की जास्तीच्या डोया शाळेपुढच्या चिंचेखाली खेळत.

४. येथवर पट शाबूत होता. तो मोडला अर्जदाराच्या जिभेने. अर्जदारास कीर्तनाचे वेड आहे. शेगावी उत्सवात चांगले बुवा येणार म्हटले की हा पायी निघतो, आणि एकादशीला स्वतःही टाळ घेऊन मारुतीपुढे उभा राहतो. ज्याचे कौतुक वाटले त्याचे नाव चारचौघांत घेऊन सांगावे, ही त्यातलीच सवय. महादेवराव खोल्यांचे मालक आहेत तसे शाळा-कमिटीचे मेंबरही आहेत. गेल्या वर्षीच्या श्रावणात कमिटीपुढे हजेरीपत्रक ठेवताना अर्जदार भरात येऊन म्हणाला, "हिंमतराव गावंड्यांची चारी लेकरं पाहा. चार इयत्तांत चार, अन् वर्षात एकाचाही खाडा नाही!" महादेवरावांनी इतकेच विचारले, "चार? एकाच घरची?" अर्जदार हसून म्हणाला, "हाव, चारी!"

आई, बाप आणि चार. सहा डोया झाल्या.

चौथ्या दिवशी हिंमतरावांची गाडी पिंपळगाव राजाकडे निघाली. शाळेसमोर येताच त्यांच्या कुटुंबाने, पुष्पाबाईंनी, बैल थांबवायला लावले आणि डोईवरचा पदर सारून त्या म्हणाल्या, "मास्तर, तुमी आमच्या लेकराईची तारीफ केली, अन् आमची खोली गेली. आता कोनाची तारीफ नोका करू बाप्पा." धाकटी गाडीत पाटी उराशी धरून बसली होती. त्यापुढे चार एकादश्या अर्जदाराने टाळ हाती धरला नाही.

५. त्याच महिन्यात आया येऊ लागल्या. पहिल्या आल्या झुंबरबाई चोपडे, खोली नंबर बासष्ट, माळव्याची म्हणजे भाजीची पाटी घेऊन बाजारात बसणाऱ्या. म्हणाल्या, "मास्तर, माह्या कोकिळेचं नाव काढा. तिले शाळेत बसू द्या, पन वहीत नोका बसवू." अर्जदार म्हणाला, बाई, हे नियमाबाहेर आहे. त्या म्हणाल्या, "नियमानं तं आमीच बाहेर हाओत." अर्जदाराने नाव काढले. मग दुसरे काढले, तिसरे काढले. दिवाळीपर्यंत पट चौदावर आला, वर्ग मात्र भरलेला तसाच राहिला. मुनीम रोज ओट्याजवळून जातो, म्हणून खरे नाव मोठ्याने पुकारण्याचीही चोरी. तेव्हा मुलांनी आपणहून हाका ठरविल्या. कुणी चिपळी झाले, कुणी खंजिरी, झांज, पताका, बुक्का. कोकिळेने वीणा घेतली. त्यात थट्टा करण्याचा हेतू नव्हता, ही विनंती ध्यानी असावी. कारण पुढे घात तेथेच झाला.

६. तारीख २३ नोव्हेंबर रोजी असिस्टंट इन्स्पेक्टर साहेब अचानक तपासणीस आले. पटावर चौदा, बसलेली सत्तेचाळीस. काही मास्तर तपासणीच्या दिवशी शेजारगावची पोरे उसनी आणून बसवितात, हे साहेबांना ठाऊक. त्यांना तोच संशय आला. त्यांनी पुढच्या रांगेतील मुलास विचारले, "नाव काय रे?" मूल म्हणाले, "बुक्का." दुसऱ्यास विचारले. "झांज." "बापाचं नाव?" यावर ते खाली पाहू लागले. तिसऱ्यास विचारता सर्व वर्ग एकदम उभा राहिला आणि एकही बोलेना. खरे सांगावे तर घर जाते, खोटे सांगावे तर समोर साहेब. साहेब अर्जदाराकडे वळून म्हणाले, "मास्तर, ही शाळा आहे की तमाशाचा फड?" आणि त्यांनी शेरेबुकात लिहिले की, हेडमास्तर परगावची मुले दाखवितो, किंवा सरकारी इमारतीत खाजगी शिकवणी चालवितो. अर्जदाराने खुलासा केला नाही. खुलासा म्हणजे तेहेतीस घरांचे पत्ते सांगणे होते.

७. त्यावरून हुजुरांचा हुकूम झाला की, पंधरा डिसेंबरच्या आत वर्गात बसणाऱ्या प्रत्येक मुलाचे नाव, बापाचे नाव व खोली नंबर पटावर चढवावा. मूल पेठेतलेच आहे याबद्दल प्रत्येक नावापुढे कमिटी-मेंबरची सही घ्यावी. पट पंचविसाच्या आत भरल्यास एक जानेवारीपासून शाळा बंद करून मुलांना जुन्या गावच्या शाळेत पाठवावे. जुने गाव रुळांपलीकडे दोन मैल, मध्ये नाला आणि मालगाड्यांचे शंटिंग. एकही आई आपले पोर तिकडे धाडणार नाही, हे अर्जदारास पक्के माहीत आहे.

आणि हुकुमात म्हटलेले कमिटी-मेंबर, साहेब, पेठेपुरते महादेवराव हेच एकटे आहेत.

अर्जदार त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, "सही करतो ना. नाव खरं असंल तं मी काऊन भिऊ? पन मंग खोलीही खाली कराव लागन. मास्तर, सरकारचा नियम तुमाले हाये, माहा मले हाये." अर्जदार त्यांच्या ओट्यावर बसून राहिला. घरून चहा आला, तोही त्यांनी प्रेमाने पाजला. नियम काही सुटला नाही.

८. सोमवार, तारीख ६ रोजी झुंबरबाई पाटी खाली ठेवून वर्गात आल्या. शाळा बंद होणार ही बातमी बाजारात पोचली होती. कोकिळा चौथीत आहे, येत्या मार्चात तिची परीक्षा. पेठेतून चौथीस बसणारी ती पहिली मुलगी. झुंबरबाई म्हणाल्या, "लिहा. आता लिहाच." अर्जदाराने विचारले, घरच्यांना विचारलेत का? म्हणाल्या, "इचारलं. सासू म्हने, मी जातो धामनगावले खरोखर. मी म्हनलं, आत्या, तुमी गेल्या तरी पाच उरतेत." मग मुलीस म्हणाल्या, "ऊठ वं, सांग आपलं नाव." कोकिळा उभी राहिली, आपले नाव, बापाचे नाव, खोली नंबर तिने असे खणखणीत सांगितले की ओट्याजवळून जाणारा मुनीम थबकला. अर्जदाराने पंधरावी ओळ लिहिली. महादेवरावांनी शब्दाप्रमाणे सही केली. आणि गुरुवारी, तारीख ९ रोजी, शब्दाप्रमाणे खोली नंबर बासष्टला कुलूप लावले.

अर्जदार येथे आपला गुन्हा कबूल करतो. चोपडे कुटुंब, एकूण डोया सहा, गुरुवारपासून शाळेच्या नकाशांच्या खोलीत राहत आहे. चूल बाहेर चिंचेखाली आहे. हिंदुस्थानच्या नकाशावर त्यांचे धोतर वाळत होते ते अर्जदाराने काढावयास लावले.

९. काल शुक्रवारी मुनीम चिठी घेऊन आला. तिचा मजकूर असा की, कोकिळा हिचे पेठेत आता राहण्याचे ठिकाण नाही. हुकुमाप्रमाणे पेठेतल्याच मुलांची नावे धरावयाची आहेत. सबब मेंबर आपली सही परत घेत आहेत, नाव कमी करावे. म्हणजे नाव लिहिले म्हणून खोली गेली, आणि खोली गेली म्हणून नाव जावे. अर्जदाराने ही चिठी सात वेळा वाचली. तीत चूक कुठेच सापडत नाही, याचेच त्यास भय वाटते. चिठी अर्जासोबत जोडली आहे.

राहिलेल्या बत्तीस मुलांची नावे लिहिली तर हेच बत्तिसांचे होईल. ती घरे येणार कुठे? शाळेतच. शाळेच्या खोल्या दोन आणि एक पडवी. तेव्हा पट ज्या दिवशी पुरा सत्तेचाळीस भरेल, त्या दिवशी शाळेत फळा टांगण्यास भिंत राहणार नाही, आणि त्याच दिवशी मुनीमाच्या दुसऱ्या चिठीने पट चौदावर येईल. आज वर्गात पोरे पाढे म्हणतात ती दाराकडे पाहत म्हणतात. दोन आया सकाळी येऊन गेल्या. "आमचंही लिहा म्हनू का, का थांबू?" असे विचारीत होत्या. अर्जदाराने त्यांना थांबा म्हटले. हे सांगण्याचा त्यास अधिकार आहे की नाही, हे त्यास माहीत नाही.

१०. कीर्तनकाराने आख्यान लांबविले तर श्रोते उठून जातात, अधिकारी तर अर्ज फाईल करतात. म्हणून आता मागणे सांगतो. हुजुरांनी पंधरा तारखेपूर्वी स्वतः यावे आणि नावे न विचारता डोकी मोजावीत. मुले पेठेतली आहेत की उसनी, हे पाहावयाचे तर सुट्टी झाल्यावर ओट्यावर उभे राहून ती कोणत्या दिशेला धावतात एवढे पाहावे. सही हवीच तर ती पाटलाची किंवा स्टेशनमास्तरांची घ्यावी, खोल्यांच्या मालकाची घेऊ नये. महादेवरावांची पेठेलगत चार एकर पड जमीन आहे. तेथे आणखी खोल्या उठवाव्या म्हणून हुजुरांनी शब्द टाकल्यास ते मोडणार नाहीत, कारण त्यांना माणसांचा राग नाही, गर्दीची धास्ती आहे. आणि यांपैकी काहीही घडणार नसेल, तर पंधरा तारखेस बत्तीस नावे अर्जदाराकडून मिळणार नाहीत. त्याबद्दल होईल ती सजा त्यास मान्य आहे.

राहिली पंधरावी ओळ. मुनीम आज पुन्हा येऊन ती खोडली का म्हणून विचारून गेला. ती खोडलेली नाही. "राहण्याचे ठिकाण" या रकान्यातील खोली नंबर बासष्ट तेवढा काट मारून अर्जदाराने तेथे "ही शाळा" असे आपल्या हाताने लिहिले आहे, व शेजारी सही केली आहे. हे खाडाखोडीच्या नियमाविरुद्ध असल्यास अर्जदार दोषी आहे. परंतु ती ओळ कमी करावयाचीच झाली तर ती हुजुरांनी स्वतः येऊन करावी. कोकिळा पुढून दुसऱ्या रांगेत, खिडकीशी बसते. ती बसलेली असताना, तिला उभी करून, तिचे नाव तिच्या तोंडून एकदा ऐकून घ्यावे, आणि मग दौत मागावी. दौत भरून ठेवली आहे.

आपला नम्र, एरवी हुकुमाचा ताबेदार,
एवढ्या एका ओळीपुरता अडून बसलेला,

भगवंत सोनाजी उमाळे
हेडमास्तर, नवी पेठ शाळा

सावरखेड स्टेशन, शनिवार,
ता. ११ माहे डिसेंबर सन १९२६