मंडळाचं नाव मावेल असा चाकू

तुडील, चैत्र वद्य पंचमी

तीर्थरूप सोमादादास,

धाकटा चुलतभाऊ सदू याचा तुडीलहून नमस्कार. तुझा गुडघा, उज्ज्वलावहिनींची साखर आणि आपल्या मुंबई मंडळाची प्रकृती कशी आहे ते कळव. पहिल्या दोन्हींची काळजी वाटते. तिसऱ्याला काही होत नाही हे मला अनुभवाने ठाऊक आहे. फोन केला असता, पण उजव्या कानाने मला ऐकू येत नाही आणि डाव्या कानाने मंडळाच्या चिटणीसाचं ऐकायची इच्छा नाही. (चिटणीस तूच आहेस. भावावर माझा राग नाही.) मोबाइलवर लिहिलं तर तू ते ग्रुपवर ढकलतोस आणि खाली चाळीस माणसं नुसते हात जोडतात. म्हणून हा कागद.

विषय तुम्ही पाठवलेल्या चाकूचा आहे. सावित्री नदीच्या डोहात कोणी बुडालं की मला बोलावतात, कारण मालवणकडे जाऊन पाठीला हवेची बाटली लावून पाण्याखाली जायला शिकलेला आपल्या गावात मी एकटा. काठावर दोरी धरायला माझी सेजल असते. मुलगी आहे म्हणून सांगत नाही, पण दोरीच्या एका हिसक्यावरून बापाला काय हवंय ते तिला कळतं, तेवढं तिच्या आईला समोर बसूनही कधी कळलं नाही. डोहाच्या तळाशी आता फाटक्या तंगुसाच्या जाळ्यांचा नुसता गुंता झालाय. तंगूस म्हणजे नायलॉनचा बारीक दोरा, पाण्यात दिसत नाही, पाय अडकला की समजतं. म्हणून गेल्या साली मी मंडळाकडे एक कापायचं हत्यार मागितलं. इथेच मी चुकलो. गावात साधं गटार उपसायचं तरी मुंबईला ठराव व्हावा लागतो, ही आपली रीत मला माहीत नव्हती असं नाही.

तुमच्या सभेत फोनवरून सेजलने सगळं नीट सांगितलं होतं. हत्यार लहान हवं. टोक नको, घाबरलेला माणूस स्वतःलाच भोसकून घेतो. धारेला दाते हवेत किंवा आकड्यासारखं पातं हवं, म्हणजे दोरा आत सरकला की तुटतो आणि बोट सरकत नाही. ते छातीशी बांधता यायला हवं, कुठलाही हात अडकला तरी दुसरा पोचेल असं. पोरीने आठ दिवस वाचून काढलं होतं. सगळ्यांनी "शाब्बास" म्हटलं आणि पुढच्या विषयाला हात घातला. पुढचा विषय होता, त्यावर मंडळाचं नाव कसं घालायचं. "तुडील ग्रामस्थ विकास मंडळ, मुंबई (रजि.)" आणि खाली नोंदणी क्रमांक. लहान पात्यावर एवढं मावेना. दातेवाल्यावर अक्षर नीट उठेना. तेव्हा नाव मावेल असा चाकू घ्यावा असं सर्वानुमते ठरलं. ("सर्वानुमते" हे तुझ्या अक्षरात इतिवृत्तात आहे, मी वाचलंय.) आला तो हातभर लांब, गुळगुळीत आणि सुईसारख्या टोकाचा. आला म्हणजे तरी कसा, तर तो आणणारा आपला रितेश बसमध्ये झोपला, महाड गेलं, पोलादपूर गेलं, कशेडी उतरून खेडला त्याला जाग आली. त्या प्रवासात चाकू हरवला असता तर आज माझा कान शाबूत असता.

दसऱ्याला त्याला हळद-कुंकू लावून देवळात ठेवला. किल्ली सोनबा गुरवाकडे. मी म्हटलं, एवढा लांब छातीशी मावणार नाही, निदान माझ्या पायाशी बांधलेला असायला हवा. सोनबा म्हणाला, "पायाशी कसा ठेवशील रे, पुजलाय तो. लागंल तवा मागून ने." शिमग्याच्या जेवणाला अख्ख्या गावाची कच्च्या फणसाची भाजी होती, तेव्हा मात्र पुजलेला चाकू बाहेर आला. आपल्या आळीतली ठकूबाई अजून सांगते, "असा चाकू जन्मात बगला नाय गो, फनस कसा लोन्यावानी कापतोय." कापल्यावर कोणीतरी तो तसाच, चिकासकट, म्यानात घातला.

पंधरा दिवसांनी नदीपलीकडच्या वाडीतला एक माणूस जाळं काढायला गेला तो परत आला नाही. मी सोनबाकडून किल्ली मागून चाकू घेतला, पोटरीला बांधला आणि डोहात उतरलो. वीस-बावीस फुटांवर डावा पाय गुंतला, मग डावा हात. उजव्या हाताने चाकू ओढला तर येईना. फणसाचा चीक वाळून म्यान आणि चाकू एकजीव झाले होते. होता नव्हता तेवढ्या जोराने आणि सगळ्या देवांच्या नावाने ओढला तेव्हा निघाला, तो सरळ पोटरीत घुसून. मग तंगुसावर चालवला. तंगूस गुळगुळीत, पातं गुळगुळीत, दोघांचं छान जमलं. दादा, त्या गढूळ पाण्यात मला फक्त एकच गोष्ट स्पष्ट दिसत होती, नोंदणी क्रमांक. मला वाटलं, आता संपलं. भीती वाटली, ती सांगायला लाज वाटत नाही.

दोरीला हिसका बसताच सेजल उडी मारून खाली आली, बाटलीशिवाय, एका दमात. हातात घरातली शिवणाची जुनी कात्री. तुमचा चाकू बघितल्यापासून ती कात्री तिने माझ्या सामानात टाकून ठेवली होती, मला न विचारता. तिने मला सोडवून ज्या वेगाने वर ओढलं त्यात कानाचा पडदा गेला. महाडच्या डॉक्टरांनी पुन्हा पाण्याखाली जायला कायमची बंदी केली आहे. ज्याच्यासाठी उतरलो तो दुसऱ्या दिवशी आपला आपण वर आला.

आणि काल तुझं पत्र आलं. वार्षिक अहवालासाठी चाकूसह माझा हसरा फोटो हवा आहे आणि नाव वाचता येईल असा धरायचा आहे. फोटो मिळणार नाही. चाकू सोनबाकडे परत दिला आहे. माझं डोहाशी नातं संपलं. आम्हा बापलेकीच्या या पथकाचं काय करायचं त्याचा ठराव करा.

वहिनींना नमस्कार. गुडघ्याला तेल लाव.

तुझा,
सदू

ता. क. : तुझ्या एकट्याच्या खिशातून, सभा न घेता, आकड्याच्या पात्याचे दोन लहान कटर पाठव. एक हरवलं तर दुसरं असावं. वर एक अक्षरही नको.

ता. क. दुसरा : मला बंदी आहे मग कटर कशाला, असं तू विचारशील. कागद उलटा कर. मागे पेन्सिलीने पंजा काढलाय तो सेजलचा आहे, मूठ त्या मापाची बघ. माझ्या जागी तीच उतरणार म्हणते. मी नको म्हटलं, तिच्या आईने दोन दिवस अन्न सोडलं. पोरगी म्हणाली, "आबा, तुमी नाय तर कोन जाणार? मुंबैवाले?" दादा, पावसाच्या आत पाठव. कटर आलं नाही तरी ती उतरणार आहे, आणि आता दोरी माझ्या हातात असेल. खाली काय चाललंय ते तिच्यासारखं मला दोरीवरून कळत नाही.