काचेवरची टिचकी

१८ सप्टेंबर २०११

प्रिय पानास,

अनेक आशीर्वाद. बटाटे काढून झाले. गुडघा कुरकुरतोय, बाकी मी ठणठणीत. यंदा तुझा मध आला नाही. मधमाश्या रुसल्या म्हणावं, तर माझ्या शेजारणीला दोन बरण्या पोचल्या. म्हणजे रुसलंय कोण, ते कळलं.

सख्ख्या भाच्याच्या बढतीत आत्याच आडवी आली, असं तू गावभर सांगतोस म्हणे. सांग बापडा. आडवी आले, हे खरंच आहे. का आले, ते मात्र ओस्तापनं तुला सांगितलेलं दिसत नाही. बापापुढे पोराची शोभा नको, म्हणून मीही गप्प बसले.

मी निवृत्त झाले की पाळीप्रमुखाची माझी खुर्ची त्याला मिळायची. शिफारस माझी लागते. आमची अणुभट्टी सोव्हिएत काळातली, माझ्यासारखीच थकलेली. पण नीट चालवली तर चालते. इतकी वर्षं मी चालवलीच की!

वसंतात दाबाच्या तबकडीचा काटा लाल रेषेवर गेला. ओस्तापनं काचेवर टिचकी मारली, काटा खाली आला, आणि हा गडी निवांत चहा प्यायला लागला. आमच्याकडे सगळ्यांनाच टिचकीची ही जुनी खोड. मी तपासणी करायला लावली, तर तबकडीच बिघडलेली निघाली. "बघ आत्या, उगाच घाबरलीस," म्हणाला.

घाबरलेच होते. शहाऐंशी साली भट्टी फुटल्यावर आपल्या थोरल्या भावाला चेर्नोबिलला साफसफाईला नेलं. परतला तेव्हा त्याला चमचासुद्धा धरवत नव्हता. तू विसरलास का रे? म्हणून मी शिफारस नाकारली.

परवा दुसऱ्या एका तबकडीचा काटा चढला. मी मागेच उभी होते, मुद्दाम काही बोलले नाही. ओस्तापचा हात काचेकडे गेला आणि मध्येच थांबला. त्यानं बटण दाबून भट्टी बंद केली.

तपासणीत काही म्हणजे काही निघालं नाही. साहेबांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं, बरोबरची पोरं फिदीफिदी हसली. तो मान खाली घालून माझ्याकडे आला.

"आत्या, गेली ना खुर्ची?"

मी त्याच्यासमोरच शिफारशीवर सही केली.

पानास, भट्टी दोन्ही वेळा ठीकच होती. वसंतात मात्र माझा डोळ्याला डोळा लागला नव्हता. परवा मी पोटभर जेवले आणि ढाराढूर झोपले.

रविवारी ओस्ताप माझी रिकामी बरणी घेऊन तुझ्याकडे येतोय. मुकाट्यानं भरून दे.

आता निर्धास्तपणे खुर्ची सोडणारी,
तुझी ताई
ओदार्का