उपाशी जिवाणू

२ मार्च, खामगाव
आज रुजू झाले. देऊळगाव राजाहून येताना बसमध्ये अंग आंबलं, तरी मन मजेत आहे. जिवाणू खताची ही प्रयोगशाळा लहानशी, पण सूक्ष्मदर्शक नवा कोरा. राहायला वरची खोली. माणसं तीनच: प्रमुख फहीम सर, चौकीदार उकंडराव आणि साफसफाईच्या विमलबाई. माझा रोजा आहे हे कळल्यावर विमलबाईंनी संध्याकाळी खजूर आणि ज्वारीची भाकरी आणून ठेवली. ही वही मराठीत लिहितेय, कारण अम्मीला मराठी वाचता येत नाही.

५ मार्च
सरांनी शेतातल्या मातीतला एक जिवाणू दाखवला. खायला मिळेनासं झालं की हे एकमेकांकडे सरकतात, ढीग करतात. मग त्यातले बहुतेक आपणहून फुटतात. त्यांच्या अंगातलं बाकीच्यांना मिळतं आणि थोडेसे जाड कवच धरून जगतात. सर म्हणाले, जितकं उपाशी ठेवू तितका चिवट वाण हाती लागेल. उपाशी ठेवायचं काम माझ्याकडे आहे.

१९ मार्च
ईदसाठी दुपारची बस धरायची होती. त्या जिवाणूंचे दोन फ्लास्क उरले होते. नियम असा की वाफेच्या दाबाखाली जिवाणू मारून मगच ते फेकायचे. त्याला तास लागतो. मी सरळ बेसिनमध्ये ओतलं आणि नळ सोडला. ते पाणी मागच्या शोषखड्ड्यात जातं. खड्ड्याला लागूनच बोअर आहे. सगळे तेच पाणी पितात, विमलबाई रोज हंडाभर घरीही नेतात, गल्लीतही वाटतात. हे बसमध्ये बसल्यावर आठवलं. मातीतले होते, मातीत गेले, असं स्वतःला सांगितलं. फोन केला नाही.

२५ मार्च
परतले. विमलबाईंनी चहा दिला. पिऊन झाल्यावर लक्षात आलं, पाणी बोअरचं. बाई वाळल्यासारख्या दिसल्या. विचारलं तर हसून म्हणाल्या, "भूकच नाही लागून राह्यली मॅडम. दुसऱ्याले खाऊ घातलं का माह्यंच पोट भरते."

२ एप्रिल
दुपारी बाहेर उन्हाची आग होती, तरी सर, उकंडराव आणि विमलबाई मागच्या भिंतीशी खांद्याला खांदा लावून बसलेले. मी दिसताच तिघंही थोडे माझ्या बाजूला सरकले.
चार दिवस मी जेवले नाही. पण कुर्ता काखेत काचतो.

६ एप्रिल
विमलबाई गेल्या. काल दुपारी वर आल्या, माझा हात धरून बसल्या. मला इतकं बरं वाटत होतं, पोटभर जेवल्यासारखं. त्यांची बोटं सैल पडली तेव्हा कळलं. उचलताना रिकाम्या पोत्यासारख्या हलक्या लागल्या.
डॉक्टरांनी पाण्याचं विचारलं. विमलबाईंची सून समीक्षा समोरच उभी होती. मी म्हटलं, पाणी चांगलं आहे.

९ एप्रिल
बोअरचं पाणी काचपट्टीवर घेऊन पाहिलं. तेच. ढीग करून.
सरांना सगळं कबूल केलं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, सगळ्यांनी कशाला जगायचं, आलिमा, एक जण पुरे. मग जवळ बसू का, असं विचारलं.

११ एप्रिल
सरही गेले. माझ्या पायाशी. दार लावून घेता आलं असतं. लावलं नाही.

१२ एप्रिल
बॅग भरली. पण घरी कशी जाऊ — अम्मी सगळ्यात आधी हातच धरेल.
आरोग्य खात्याला फोन लावला. पलीकडून हॅलो आलं. ठेवून दिला.

१३ एप्रिल
सकाळपासून उकंडराव उंबऱ्यात. आता समीक्षा. मागे जिन्यावर तिच्या गल्लीतली माणसं, एकाला एक चिकटून —
मी ओरडले, घरी जा, हे मी केलंय, बेसिनमध्ये मीच —
समीक्षा म्हणाली, "ठाव हाय मले. बसू द्या." माझा डावा हात तिने घेतलाय. हलका झालाय तिचा हात. सोडवायला हवा. सोडवते. आणखी एक क्षणभर, मग सोड