महाराजांसाठी राखलेलं पान

प्रिय अहो,

आधी हे सांगा, मी कोण ते आठवतंय का? हसू नका! वज्रेश्वरीच्या जत्रेतून सुक्या बोंबलांची जुडी काखेत मारून जो माणूस भिवंडीत नारपोलीच्या आपल्या दारापर्यंत येतो, आणि दारात आल्यावर ज्याला कळतं की बायको जत्रेतच राहिली, त्याला वर जाऊन दोन वर्षं झाल्यावर बायको ध्यानात असेल, याची हमी कोण देणार? बोंबील नाही विसरलात! म्हणून आपली ओळख देते. नाकात चमकी, तोंडाचा पट्टा चालू. तीच मी.

‘प्रिय’ मी सांगितलेलं नाही, ते शालूनं घातलंय. म्हणते, "आई, पत्राला प्रिय लागतंच." म्हटलं, लिही बाई. जिवंतपणी कधी बोलले नाही, आता ऐकून लाजायला माणूस नाही. तुम्हाला ठाऊक आहे, मला अक्षरं म्हणजे मुंग्यांची रांग. मी बोलते, सून लिहिते. मी ‘हाय’ म्हटलं की ती ‘आहे’ लिहिते, त्यामुळे पत्र शाळेत जाऊन आल्यासारखं दिसेल. शालू गुणाची आहे. तिचा भात कधी करपत नाही. (हे वाक्य तिनं स्वतःच्या मनानं घातलंय, वाचून दाखवताना पकडलं. असं मी म्हटलेलं तरी तिनं लिहिलंय का, देव जाणे.)

आता ऐका. बसला असाल तर उठा, निजला असाल तर आधी उठा. तुमच्या महाराजांचं तिकीट आलं!

रायगडावर राज्याभिषेक होऊन तीनशे वर्षं झाली ना, म्हणून सरकारनं पोस्टाचं तिकीट काढलंय. रंगीत आहे हो! माझ्या डोळ्यांना आधी नुसता रंगाचा ठिपका दिसला. मग शालूनं तुमचं भिंग धरलं, आणि समोर महाराज! हात जोडले गेले. शालू म्हणाली, "आई, रडताय कशाला?" रडत नव्हते. भिंगातून बघायची सवय नाही, डोळ्याला पाणी येतं.

आणलं कुणी, सांगा बरं? तुमच्या रहीमभाईंनी! समोरच्या शेडमध्ये लूम चालू टाकून माणूस रस्ता ओलांडून धावत आला. पायात एकच चप्पल. "भाभी! ओ भाभी! आले तुमचे महाराज! आज मेरा यार होता तो नाचता!" सिगरेटच्या चांदीत गुंडाळून वरच्या खिशात आणलं होतं. पोस्टात ही गर्दी. पुढचा माणूस म्हणे अख्खा ताव घेऊन गेला, रहीमभाईंच्या हाताला शेवटचं एकच लागलं. एकच!

"चला, वही काढा," म्हणाले. "पहिल्या पानावर लावून टाकू."

वही काढली. तीच तुमची, कापडाच्या नमुन्यांची. पेढीवर गठ्ठे बांधायचात, तिथं शेठनं टाकून दिलेली मागून आणलीत, नमुन्यांचे तुकडे सोलून काढलेत आणि त्या जागी राजे बसवलेत. कुवेत, आफ्रिका, विलायत, रहीमभाईंच्या नातेवाइकांची पाकिटं जिकडून येत तिकडचे राजे. दाढीवाला, टक्कलवाला, टोपीवाला. तो एक विलायतेचा, बायकोपायी गादी सोडलेला, त्याला तुम्ही नावं ठेवायचात. मी म्हणायचे, त्याच्याकडं बघून शिका, तुम्ही माझ्यापायी विडी तरी सोडलीत का? आणि माझी परात! पिठाच्या परातीत कोमट पाणी, पाण्यात पाकिटांचे तुकडे. भाकरीला परात मागितली की म्हणायचात, "थांब गं, राजांची अंघोळ होऊं दे, मंग तुझ्या भाकऱ्या." सुताला खळ लावतात त्या सायझिंगच्या कारखान्यातून वाटीभर खळ आणायची, बोटाच्या टोकानं लावायची आणि एकेक राजा गादीवर बसवायचा.

फक्त पहिलं पान कोरं. त्याच्यावर कुणाला बसू दिलं नाहीत. "ती जागा आपल्या राजाची."

मग मला सांगा, मागं एकदा महाराजांचं तिकीट निघालं होतं, तेव्हा का नाही बसवलंत? शालू अजून ह्या घरात यायची होती. पेढीवरच्या कुठल्याशा पाकिटावरून ते आलं आणि कोणा अनोळखी हातानं नेमका तोंडावर ठप्पा हाणलेला. काळंकुट्ट. त्या दिवशी जेवला नाहीत. मी वाटण घालून कालवण केलेलं, ते तसंच राहिलं. "महाराजांच्या तोंडाला काळं? असं पानावर न्हाय बसवायचं. दुसरं येईल." दुसरं यायला किती वर्षं लागली बघा! शेवटच्या आजारपणात उशाशी वही होती. मी कूस बदलून द्यायचे, तुम्ही विचारायचात, "आलं का गं?" मी म्हणायचे, येईल. आता आलं, तर विचारणारा कुठाय?

बरं. मुद्द्यावर येते. शालूचा हात दुखतोय.

रहीमभाई खळ शोधायला लागले. म्हटलं, "थांबा. हे कुठं गेलंय का?"

"मतलब?"

"आमचे हे काय म्हणायचे? जे तिकीट पत्रावर बसून परगावी गेलं न्हाय, ते तिकीट न्हाय, कागद हाय."

रहीमभाईंनी कपाळावर हात मारला. "हां, बोलायचा! कोरा टिकट मी दिला तर परत करायचा, एवढा जिद्दी माणूस! मग असं करतो भाभी, मीच पाठवतो तुम्हाला चिठ्ठी."

ऐकलंत? दार समोर, माणूस समोर, आणि ह्या वयात मला पत्रं! म्हटलं, सून घराबाहेर काढेल. शालू तोंडाला पदर लावून फिदीफिदी हसत होती.

पण खरंच, पत्र लिहायचं कुणाला? मी जन्मात कुणाला लिहिलं नाही. धाकटा दापोड्याला गोदामात, चालत जाऊन कान धरता येतो. बहीण राहनाळला, तिला तर माझा आवाज वाऱ्यावर पोचतो असं तिची सून म्हणते. थोरला नामदेव घरातच, ड्युटीवरून आला की हाक मारली तरी ओ देत नाही, पण पोचते. सगळी माझी माणसं हाकेच्या अंतरात. विचार करता करता कळलं, माझी हाक जिथं पोचत नाही असे तुम्ही एकटेच.

म्हणून हे पत्र तुम्हाला. तुमच्याच नावानं, तुमच्याच घरच्या पत्त्यावर. नाव मी सांगितलं नाही हं! पन्नास वर्षं तोंडातून काढलं नाही ते आता कुठं? शालूलाही सासऱ्याचं नाव घ्यायचं नाही. पण ती म्हणते, पेनानं घेतलेलं चालतं.

काल टपालवाला दारावरून चालला होता, त्याला हटकलं. तुम्हाला खांदा द्यायला होता तो. बिचारा चपापला. "आजी, बाबा गेले ना! गेलेल्या माणसाचं पत्र देता येत नाय. ‘मालक वारले’ लिहून परत धाडावं लागतं."

"कुठं धाडतोस?"

"पाठवणाऱ्याच्या पत्त्यावर."

"आणि पाठवणारी कोण?"

खांद्यावरची पिशवी सावरत म्हणाला, "तुम्ही."

"मग आण की दारात! तू दोन फेऱ्या मार, तिकिटाचा तेवढाच जास्त प्रवास."

हसला. सगळी हकीकत ऐकून म्हणाला, "आजी, पाकीट माझ्या हातात द्या. आतल्या माणसाला सांगून ठप्पा अगदी कोपऱ्यात मारून घेतो. महाराजांना धक्का लागणार नाय."

माझा जीव भांड्यात पडला. आणि लगेच समोरून आलेले रहीमभाई म्हणाले, "नारपोलीचं पत्र नारपोलीत? ह्याला प्रवास म्हणतात? उद्या माझ्या गठ्ठ्यांचा ट्रक मुंबईला जातोय. ड्रायव्हर तिथल्या पेटीत टाकेल. महाराज मुंबई बघून येतील!"

अहो, आता काय करू? रात्रभर ह्या कुशीची त्या कुशीला होत होते. इथं टाकलं तर तोंड स्वच्छ, पण प्रवास फसवा. मुंबईला धाडलं तर प्रवास खरा, पण तिथला ठप्पा कुणाच्या हातचा? त्याला काय माहीत, ह्या तिकिटाची भिवंडीत कुणी वाट बघत मेलं ते? एकच आहे, दुसरं मिळायचं नाही. तुमचे दोन नियम, आणि मला एकटीला सोडून गेलात निवाडा करायला! जिवंत असता तर भांडले तरी असते.

सकाळी तुमची चंची काढली. तुम्ही गेल्यापासून उघडली नव्हती. पान खावंसं वाटलं, खोटं कशाला बोलू? आतल्या कप्प्यात बोट घातलं, तर चुन्याच्या डबीखाली ते निघालं. काळ्या तोंडाचं ते जुनं तिकीट! पानावर बसवलं नाहीत, पण टाकवलंही नाही ना? इतकी वर्षं कमरेला बांधून हिंडलात, आणि बायकोला पत्ता नाही!

कितीतरी वेळ ते तळहातावर घेऊन बसले. मग शालूला म्हटलं, "सांग रहीमभाईंना, ट्रक थांबवा म्हणावं. पत्र मुंबईलाच जाणार."

रागावू नका. स्वच्छ तोंडाची वाट बघत तुम्ही पान कोरं ठेवलंत, आणि कोरं पान बघतच गेलात. मी नाही तशी जाणार. अहो, इतक्या लांबून घोड्यावर येणाऱ्या राजाच्या अंगावर धूळ असायचीच की! धुळीनं माखला म्हणून दारातून कुणी परत धाडतं का? पाय धुवायला पाणी द्यायचं आणि गादीवर बसवायचं.

तर हे माझं वचन. पत्र आलं की परातीत कोमट पाणी घेईन, आणि भाकरी थांबेल तर थांबू दे, महाराजांची अंघोळ आधी. ठप्पा कोपऱ्यात पडो नाही तर कपाळावर, पहिल्या पानावर ह्या हातानं बसवीन. शेजारी तुमचं ते काळ्या तोंडाचंही. दोघांना हळदकुंकू वाहीन, वहीला डाग पडेल, पडू दे. आणि पान मिटणार नाही. वाळेपर्यंत उघडं ठेवीन, म्हणजे वरून तुम्हाला दिसेल. चष्मा घेऊन या. तो मात्र इथंच विसरून गेलायत, खुंटीवर आहे.

ड्रायव्हर भोंगा वाजवतोय. पुरे आता.

तुमची,
जत्रेत विसरलेली
(इथं अंगठा. शाईचा डाग पदरालाही लागलाय, तो तुमच्या नावावर.)

ता. क. पितरांच्या पंधरवड्यात पान वाढीन. भटजी खीर सांगतील, ती करीनच, पण पानाच्या कडेला भाजलेला सुका बोंबील आणि तांदळाची भाकरी असेल. कावळ्याला नीट समजावून पाठवा: आधी बोंबील उचलायचा, खीर राहिली तर राहू दे.