खोलीमागची शीळ

शेंडी (भंडारदरा)
श्रावण

ती. नारायणमामांस भार्गवीचा साष्टांग नमस्कार. पुणतांब्यात सगळे खुशाल असतीलच. मामींचा गुडघा जिना चढू देतो का, ते कळवा. मी कोरडी आहे (कपडे मात्र आषाढापासून वाळलेले नाहीत).

इथल्या शाळेत बदली झाल्यापासून रोज पहाटे खोलीमागच्या ओढ्याकडून कोणीतरी शीळ घालत होतं. अगदी माणसाची शीळ. गाणं सुरू करायचं आणि चाल विसरल्यासारखं मध्येच सोडायचं. शेजारच्या खोलीत धरणावरचे इंजिनिअर अनीश राहतात. संशय घ्यायला आसपास दुसरा माणूसच नव्हता. मी घरमालकीण केशरबाईंना सांगितलं, फक्त कानावर असावं म्हणून. त्यांनी ते कानावर ठेवलं नाही. दुसऱ्या दिवशी उजाडताच अनीशचं दार वाजवून म्हणाल्या, "मास्तरीनबाईच्या खोलीमागं शिट्ट्या मारता, लाज न्हाई वाटत? आजच खोली खाली करा!" अनीशच्या तोंडात ब्रश होता, त्यामुळे बचाव नीटसा ऐकू आला नाही. तेवढ्यात ओढ्याकडून शीळ आली. तिघांचीही तोंडं उघडी राहिली (एक फेसासकट).

आम्ही ओढ्यावर गेलो. ओल्या खडकावर मैनेपेक्षा मोठा, काळा पक्षी बसला होता. मी म्हटलं, कोकीळ. अनीश चूळ भरून म्हणाले, "कोकिळाचे डोळे लाल असतात. ह्याला जरा उन्हात येऊ द्या." तो उन्हात आला आणि कपाळ नि खांदे झळझळीत निळे निघाले; चोच आणि पाय काळेच. शेपटी उघडमीट करत त्याने चिखलातला एक किडा उचलला, खडकावर आपटून खाल्ला आणि पुन्हा तीच अर्धी चाल. ह्याला शीळकरी कस्तूर म्हणतात. केशरबाई एवढंच म्हणाल्या, "पाखरू हाय व्हय! मग ऱ्हावा तुमी."

माफी म्हणून मी चहा घेऊन गेले. अनीशनी तो शांतपणे संपवला आणि म्हणाले, "मला शीळ घालता येत नाही हो. लहानपणापासून प्रयत्न करतोय." (मी दुसरा कप ओतला.)

घरात सर्वांना यथायोग्य.

आपली भाची,
भार्गवी

ता. क. कस्तूर नीट ओळखता यावा म्हणून आम्ही आता रोज ओढ्यावर जातो. ओळख पक्की व्हायला वेळ लागतो.

आणखी ता. क. चैत्रात तुम्ही एका इंजिनिअरचं स्थळ सुचवलंत आणि मी फोटोही न बघता नाही म्हटलं, ते हे अनीशच निघाले (ओढ्यावरच्या गप्पांत कळलं). तुमचा आळस मला ठाऊक आहे. माझा नकार त्यांच्या घरी अजून कळवला नसेल, तर कळवू नका.