मार्गासनीचा होन

ता. ७ फेब्रुवारी १९३८, भोर
पुण्याच्या वकीलसाहेबांनी शिवराया परत धाडल्या. "तांब्याचा कंटाळा आला. शिवकालीन सोनं मिळालं तरच कळवा." बावीस वर्षं जुनी नाणी घेतो-विकतो आहे, होन एकदाही हाती आला नाही. खोकला आहेच.

ता. १०
दुपारी मार्गासनीची भागूबाई आली. नवरा श्रावणात गेला, मूल नाही. दोघे दीर वाटण्या करताहेत. पदराची गाठ सोडून नाणं पुढं ठेवलं. आजेसासूपासून देव्हाऱ्यात टाक म्हणून पुजतात. अक्षरं कुंकवानं बुजलेली. ओल्या बोटानं पुसलं. 'श्री राजा शिव'. उलटं केलं. 'छत्रपति'.
होन!
"दीर म्हंत्यात, मोडून तिघांत वाटू. म्या म्हनलं, आदी जानत्याला दावते. खरा हाय का, अण्णा?"
कसोटी हाताशी होती. लावली नाही. सोन्याचा कस तिलाही दिसला असता.
"पितळ आहे, बाई. वर मुलामा. ठेवून जा, दोन रुपये देतो."
ती म्हणाली, "इतकी वर्सं पितळाला निवद दावला व्हय!" पुन्हा गाठ मारली, उठली. "देवाचं हाय. इकायचं न्हाई."
हाक मारायला हवी होती. वाटलं, येईल परत. पितळ कोण सांभाळतंय?

ता. १५
बाजार. आली नाही. ही म्हणाली, "कुणाची वाट बघताय? तीनदा दारात गेलात."

ता. १८
राहवेना. नसरापूरपर्यंत मोटार, पुढं मार्गासनीच्या धोंडबा गाडीवानाची बैलगाडी. भागूबाई अंगण सारवत होती.
"त्यो व्हय? सोडला की गुंजवणीच्या डोहात. खोटा देव घरात कसा ठिवायचा?"
ओट्यावर बसलो. पाणी आणि गूळ दिला तिनं. सांगायचं होतं. गूळ खाल्ला. मुक्काम धोंडबाकडं.

ता. १९
सकाळपासून डोहात. छातीइतकं पाणी, तळाला गाळ. मुठीमुठीनं वर काढून बघितला. गोटे, शिंपले.
ती धुणं घेऊन आली. "अण्णा, पितळापायी कशापाई गारठताय? खोकला हाय न्हवं तुमाला?" घरी जाऊन भाकरी घेऊन आली. काठावर बसून खाल्ली. ती शेजारीच धुणं आपटत होती.

ता. २४
घरी. चार दिवस ताप. धोंडबा डोकावून गेला. गावात दिरांनी उठवलंय की भागूबाईनं खरा होन भोरात विकला आणि डोहाचं ढोंग केलं. घराबाहेर काढलीय, गोठ्यात राहते. सगळ्यांना एकच सांगते, "अण्णांनी बगितलाय, त्यास्नी इचारा."
माझ्या शब्दावर उभी आहे ती.

ता. २६
थोरला दीर स्वतः आला. बसला नाही.
"पितळ हुतं म्हनलासा, तर तिनं आदीच बदलला. सोनं हुतं म्हनलासा, तर तुमी खोटं का बोलला ते सांगा. परवा दुपारी पंच देवळात बसत्यात. या."
"येतो," म्हणालो. काय सांगणार ते त्यानं विचारलं नाही.

ता. २७
हिला सगळं सांगितलं. निवडत होती ते तांदूळ तसेच राहिले.
मी म्हटलं, "भोरात तोंड दाखवायला जागा राहायची नाही. खोटं बोलणाऱ्याकडून नाणं कोण घेईल?"
"ती गोठ्यात निजते," ही म्हणाली. सूप बाजूला सारलं. "दोन रुपये म्हणालात? दोन?"
ताप आज नाही. असता तर बरं.

ता. २८, सकाळ
मोटार साडेसातला. हिनं धोतर, कोट काढून ठेवलाय. स्वतःही लुगडं बदलून बसलीय. मी म्हटलं, तू कशाला? "तिच्याजवळ कुणी बाईमाणूस नको का बसायला?"
पंचांपुढं काय बोलायचं ते पहाटेपासून जुळवतोय. "मंडळी, त्या दिवशी मी" इथवर येतं. पुढं
हाक मारतेय. निघालो.