एक दिवसाआड रुबाबदार

२५ जानेवारी १९४६, कडेगाव
पलटणीतून घरी येऊन तीन महिने झाले. ब्रह्मदेशातून आणलेला हिवताप एक दिवसाआड दुपारी येतो, अगदी मिलिटरी शिस्तीत. पिवळ्या गोळ्या खाऊन अंग पिवळं झालंय. आई म्हणते, कावीळ. आईला काय कळतंय! आरशात पाहिलं. सोन्याचा रंग! फिगरही स्लिम.

२६ जानेवारी
ताप.

२७ जानेवारी
विहिरीवरून गेलो. बायका तोंडाला पदर लावून हसल्या. साहजिक आहे. जपून फिरावं, उगाच कुणाचा संसार मोडायचा.

२८ जानेवारी
ताप. आकाराममामानं विट्याचं स्थळ आणलं. मुलगी अंजना. याआधी तीन नकार आलेत, दोष त्यांच्या नजरेचा. मामा म्हणाला, हे मोडलं तर माझ्याकडं येऊ नगंस.

२९ जानेवारी
डोकं चालवलं. ताप सम तारखेला येतो. म्हणून बघण्याचा कार्यक्रम ३ फेब्रुवारीला. याला म्हणतात प्लॅनिंग.

३० जानेवारी
ताप.

३१ जानेवारी
ठणठणीत. मिशीला तेल. मुलीला विचारायचे सात प्रश्न पाठ. दोन इंग्रजीत.

१ फेब्रुवारी
ताप! विषम तारखेला! बेशिस्त. आई म्हणाली, आरं, म्हैना एकतीसचा हुता. त्याचा इथं काय संबंध?

४ फेब्रुवारी
काल विटा. कपबशी हातात आली आणि हुडहुडी भरली. अर्धा चहा मामाच्या धोतरावर. दात असे वाजत होते की प्रश्न एकही विचारता आला नाही. शेवटी त्यांच्याच घरात, तीन वाकळींखाली आडवा. एक डोळा बाहेर ठेवून अंजनाला पाहिलं. सावळी, लय गोड. आता नकार आला तर जीव जाईल माझा.

६ फेब्रुवारी
होकार!! शेवटी रंगच कामी आला. मामाला विचारलं, रंगाबद्दल काय म्हणाली? मामा म्हणाला, रंगाचं नाव न्हाई काढलं. म्हणली, आमचा बा लय बडबड्या, तसला नवरा नगं. ह्यो एक शब्द बोलला न्हाई. शिवाय एक दिवसाआड गप पडून असतोय म्हणं. फकस्त इचारलं, ताप बरा व्हनार न्हाई नव्हं?

८ फेब्रुवारी, दुपार
ठणठणीत. अंजनाकडची माणसं घर बघायला आलीत. आईनं धरून वाकळीखाली घातलंय. तोंड उघडलंस तर याद राख म्हणाली. घामानं चिंब झालोय. बाहेर मामा सांगतोय, आज बी ताप हाय, काळजी नगं.